आडवी बाटली

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी माझा पुतण्या फ्रान्सहून नगरला आला. (सरकारदरबारी 2024 सालापासून आमचा जिल्हा अहिल्यानगर झाला आहे, पण सत्तर वर्षे जिभेवर बसलेले 'नगर' एकदम उठायला तयार होत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) तिकडे तो विमानाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. चकलीच्या भाजणीचा वास घरभर भरलेला, आणि अशा वेळी त्याने माजघरातच बॅग उघडली. काकूसाठी अत्तर निघाले, मुलांसाठी चॉकलेटे निघाली, आणि सर्वांत शेवटी स्वेटरात गुंडाळलेली एक काळसर बाटली निघाली.

"काका, ही तुमच्यासाठी. आमचे जुने साहेब निवृत्त झाले, त्यांनी मला दिली होती. शातो मार्गो आहे."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. मद्याशी माझा परिचय काय तो पुस्तकांतला. बाटलीची किंमत त्याने आधी सांगितली नाही; मी फारच मागे लागलो तेव्हा सांगितली. माझ्या पेन्शनचा जवळजवळ दीड महिना त्या बाटलीत मावत होता. मी ती घाईघाईने कपाटात, औषधांच्या बाटल्यांशेजारी उभी केली. तसा तो हसला. "अशी नाही काका. ही बाटली आडवी ठेवायची असते. आतले बूच ओले राहिले पाहिजे. ते वाळले की हवा शिरते आणि वाइन बिघडते."

मलाही हसू आले, पण वेगळ्या कारणाने. आमच्या महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर बायकांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. खेड्यापाड्यांतल्या बायकांनी पदर खोचून ज्या चित्रावर शिक्के मारले, ते चित्र बोर्दोच्या तळघरात रसिकतेची खूण आहे, हे मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री पुतण्याने मला मार्गोची हकीकत ऐकवली आणि मी खरोखरच रंगून गेलो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला जिरोंद नदीच्या डाव्या काठावर मेदोक नावाचा टापू आहे. तिथली ही इस्टेट. तिचा मागमूस थेट बाराव्या शतकापर्यंत लागतो. 1855 साली पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले, त्या वेळी बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी तिथल्या वाइनींची प्रतवारी लावली. लाल वाइनीत पहिल्या प्रतीचा मान फक्त चौघींना मिळाला: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (यातली लातूर आमच्या मराठवाड्यातली नव्हे, हे सांगायला नकोच.) त्यानंतर आजवर या पंक्तीत एकीलाच नवे पान मिळाले, ते मुताँला, आणि तेही 1973 साली. आपल्याकडे मानपानावरून भांडणे होतात. पण शंभराहून अधिक वर्षे एक पंगत जशीच्या तशी बसवून ठेवणे आपल्यालाही जमले नसते!

मला सर्वांत आवडली ती तिथल्या मातीची गोष्ट. ती जमीन सुपीक नाही. नदीने आणून टाकलेल्या गोट्यांची, वाळूची ती भरड जमीन आहे. पाणी तिच्यात ठरत नाही, म्हणून वेलीला मुळे खोल न्यावी लागतात. मालक पीक वाढावे म्हणून धडपडत नाहीत. वेलीवरचे काही घड कोवळे असतानाच खुडून टाकतात, म्हणजे उरलेल्या घडांत रस भरतो. पुढे ती वाइन ओकच्या पिंपांत दीड-दोन वर्षे मुरते, आणि बाटलीत भरल्यावर कित्येक वर्षे नुसती पडून राहते. ज्याने ती केली तोच ती पिईल याची खात्री नाही. पारनेर तालुक्यातल्या मुरमाड जमिनीवर चार पिढ्या घालवलेल्या घराण्यातला मी. खडकाने दिलेली ही गोडी ऐकून मला त्या अनोळखी शेतकऱ्यांविषयी आपलेपणा वाटला.

दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी कपाट पुसायला आल्या. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "काका, ही कसली बाटली?"

मी म्हणालो, "औषध आहे. द्राक्षासव."

हे उत्तर इतक्या सहज आले की मीच दचकलो. मावशींचा नवरा हातभट्टीच्या दारूने गेला. तिशीत त्या विधवा झाल्या आणि दोन मुलांना घेऊन शहरात आल्या. आदल्या रात्री ज्या वस्तूचे मी तोंडभर कौतुक केले, तिचे खरे नाव या बाईसमोर उच्चारायला माझी जीभ का धजली नाही? हा प्रश्न चार दिवसांच्या दिवाळीत माझ्या मानेवर बसून राहिला. आज तो वाचकांच्या पुढे ठेवतो आहे.

प्रथम मी स्वतःची वकिली केली. म्हटले, खोटे तरी काय बोललो? माझी आत्या कडक सोवळ्यातली. लसूण खात नसे. पण जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतल्यावाचून तिला चैन पडत नसे. मनुका आणि गूळ पाण्यात कालवून धायटीची फुले घालायची आणि ते आंबू द्यायचे, हीच त्या आसवाची कृती. मद्यार्क त्यातही आपोआप तयार होतो, आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. तरी आत्या मद्यपी नव्हती. का? ती दोन चमच्यांवर थांबत होती म्हणून, आणि ती ज्याला औषध म्हणत होती ते औषध म्हणूनच घेत होती म्हणून. माझी बाटली औषध नव्हती. तेव्हा वकिली पहिल्याच पेशीला पडली.

दुसरा मुद्दा सरकारने तयार करून ठेवला होता. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटांतून आणि मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. वाइन द्राक्षांची होते, द्राक्षे शेतकऱ्याची असतात, म्हणून वाइन विकली गेली तर शेतकऱ्याचे भले होईल, असा त्यामागचा युक्तिवाद. आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी विरोध केला आणि 14 फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली. पुढे ते स्थगित झाले. अण्णांच्या सर्वच पद्धती मला पटत नाहीत. दारुड्याला खांबाला बांधून फटके मारणे हा सुधारणेचा मार्ग आहे, असे शिक्षक म्हणून मी कधीच म्हणणार नाही. पण 1975 साली सैन्यातून परतलेल्या या माणसाने गावाचा कायापालट करताना आधी दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या, पाणी अडवणे-जिरवणे त्याच्या जोडीने आले, हा क्रम विसरता येत नाही. शेतकऱ्याच्या नफ्याचा युक्तिवाद खोटा नाही. तो अपुरा आहे. तंबाखूही शेतातच पिकते.

आणि या बाबतीत आम्हा नगरकरांना फार सोवळे होता येत नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यातून जिल्ह्याचे दैन्य हटले, शाळा-कॉलेजे निघाली. पण उसापासून साखर निघते तशी मळीही निघते, आणि मळीपासून मद्यार्क निघतो. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरला इंग्रजी नावाची ब्रँडी तयार होते. आणि 1908 साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, त्या चळवळीच्या पाठीशी लोकमान्यच होते. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ज्या गोडीवर आपण वाढलो, तिच्या तळाशी काय साठते, हे आपण सहसा पाहत नाही, इतकेच.

मग मी तिसऱ्या मुद्द्याशी आलो, आणि तोच मला सर्वांत प्रिय होता. उंची वाइन पिणे ही कला आहे, म्हटले. झिंगण्यासाठी पिणे वेगळे, चवीसाठी पिणे वेगळे. पण या चवीचीही परीक्षा झालेली आहे. 2001 साली बोर्दोमध्येच एका संशोधकाने वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला. त्यांनी वर्णन करताना लाल वाइनीचीच विशेषणे वापरली! त्याहून मोठी गोष्ट 1985 ची. लंडनच्या लिलावात 1787 सालच्या लाफीतची म्हणून एक बाटली 1 लाख 5 हजार पौंडांना गेली. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे तिच्यावर कोरलेली होती. त्या संग्रहातल्या बाटल्यांवरचे कोरीव काम आधुनिक यंत्राचे असावे, असा संशय पुढे बळावला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. म्हणजे जाणकार जे पितात, त्यात काही घोट द्राक्षांचे असतात आणि काही घोट नावाचे.

बनावट बाटलीवरून मला पांगरमल आठवले. नगर तालुक्यातल्या या गावी फेब्रुवारी 2017 मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, मेजवानीला आलेली दारू बनावट निघाली आणि माणसे मेली. लंडनच्या बाटलीने धनिकाचा अभिमान दुखावला. पांगरमलच्या बाटलीने घरे बसवली. फसवणूक दोन्हीकडे होती. पण एकाच्या हाती चूक सोसण्याइतका पैसा होता, आणि दुसऱ्याच्या हाती चुकायला एकच जीव होता.

मग चव म्हणजे सगळे ढोंगच का? असेही मला म्हणवत नाही, आणि याला कारण आमचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरूंबरोबर मौलाना आझाद यांनाही इंग्रजांनी इथे आणून कोंडले. त्या बंदिवासात मौलानांनी लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक उर्दूत प्रसिद्ध आहे. त्यात चहावर एक पत्र आहे. भल्या पहाटे उठून ते स्वतः चिनी चहा करीत, दुधाशिवाय, आणि एकेक घोट सावकाश घेत. चहात दूध-साखर ओतून त्याचा पातळ हलवा करणाऱ्यांची त्यांनी केलेली थट्टा वाचून मी माझ्या कपाकडे ओशाळून पाहिले होते. याच कैदेत असताना, 1943 साली, कलकत्त्याला त्यांची पत्नी वारली; शेवटची भेटही झाली नाही. ज्याच्याकडून सगळे काढून घेतले होते, त्या माणसाने पहाटेची एक चव तेवढी राखली. तिला चैन म्हणण्याचे धाडस मला होत नाही. चांगल्या-वाईटातला बारीक फरक ओळखणे ही माणसाची एक शक्ती आहे. किल्ल्याच्या भिंतींनाही ती हिरावून घेता आली नाही.

तेव्हा मी असा येऊन ठेपलो: वस्तूचा कस आणि कृतीचे बरेवाईट, यांची खाती वेगळी आहेत. मार्गोच्या शेतकऱ्याचे कष्ट, त्याचा धीर, मुरमातून काढलेली गोडी, हे सारे पहिल्या खात्यावर जमा आहे, आणि मी ते नाकारणार नाही. पण त्या जमेतून दुसऱ्या खात्यावरची बाकी फेडता येत नाही. दारू थोडीही निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सांगितले, ते उंची बाटलीला वगळून नव्हे. माझ्यापुरता धोका मी पत्करीन, म्हातारा आहे. पण 'आम्ही पितो ती संस्कृती आणि ते पितात ते व्यसन' अशी वाटणी जिथे होते, तिथे चवीच्या आडून आपण जातच पाहत असतो. आणि याचा पुरावा माझ्याच तोंडून निघाला होता. जी वस्तू पुतण्यापुढे 'शातो मार्गो' होती, ती मावशींपुढे 'औषध' झाली. आपण करतो ते निर्मळ असेल, तर ज्याचे त्यापायी वाटोळे झाले त्याच्यासमोरही त्याचे नाव घेता आले पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी मावशींना सांगितले, "परवा मी खोटे बोललो. ती दारू आहे. परदेशी, द्राक्षाची. फार महाग आहे."

मला वाटले, त्या रागावतील, निदान काही लागेलसे बोलतील. त्यांनी हातातले पातेले विसळून पालथे घातले आणि म्हणाल्या, "मग कपाटाला कुलूप घाला, काका. सणाला घरात पोरं असत्यात."

कुलूप मी घातले. सरकारी परवान्याचा विचारही मनात येऊन गेला, तो मी कायद्याच्या जाणकारांवर सोडतो. पाडव्याला रात्री मुले झोपल्यावर आम्ही तिघांनी ती बाटली उघडली. पुतण्याने तासभर ती तशीच ठेवायला लावली. पहिला घोट मला तुरट आणि रागीट वाटला. नंतर मात्र ओल्या लाकडाचा, मग जांभळासारखा, मग कशाचा तरी फार जुना वास येत राहिला. ते सुंदर होते. मला आवडले नाही असे लिहिले, तर तेही द्राक्षासवासारखेच होईल. पत्नीने एकच घोट घेतला आणि म्हणाली, "आपल्या आत्याबाईंचे बरे होते. त्यात गूळ असायचा."

भाऊबीज झाली की मावशी दरवर्षी आमच्याकडची रद्दी आणि रिकाम्या बाटल्या नेतात. भंगारवाल्याकडून मिळतील ते पैसे त्यांचे, असा जुना शिरस्ता आहे. यंदाही त्यांनी तेलाच्या, सॉसच्या, औषधांच्या बाटल्या एकेक करून पोत्यात भरल्या. ती एक तेवढी तशीच राहू दिली. मी आग्रह केला नाही. ती अजून माळ्यावर आहे, आडवी.