पाहुणे कुणाच्या सवडीनं?

सलमाबादमध्ये सावली मिळते ती बहुधा पत्र्याची. बहारीनच्या या औद्योगिक वस्तीत गॅरेजं, वर्कशॉप, गोदामं आणि कामगारांच्या खोल्या एकमेकांना खेटून आहेत. देशात वर्षाकाठी पाऊस पडतो जेमतेम 70-80 मिलिमीटर. आंबोलीत तेवढा एका दिवसात सहज कोसळतो. अशा ठिकाणाहून सुट्टीवर निघालेल्या मराठी मंडळींना दाट, ओल्या जंगलाची ओढ लागली, तिथली माणसंही पाहावीशी वाटली, तर नवल नाही. फक्त ‘पाहणं’ आणि ‘पाहुणा होणं’ यांत फरक आहे.

मराठी पर्यटकाच्या सर्वांत परिचयाचं पर्जन्यवन अंदमानचं. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडून झाले की पुष्कळ सहलींत बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा असतात. तिकडचा रस्ता जातो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते आणि ठरल्या वेळी ताफा सुटतो. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला द्यायचं नाही. नियम चोख आहेत, पण गाड्यांतले डोळे गुहांसाठी ताटकळलेले नसतात.

हा रस्ता जारवांनी मागितला नव्हता. 1990च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांना धनुष्यबाण घेऊन अडवत होते. नकार याहून स्पष्ट कसा द्यायचा? सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली राखीव क्षेत्रातला रस्ता बंद करायला सांगितलं, तरी गाड्या धावतच राहिल्या. जानेवारी 2012 मध्ये जारवा बायकांना खाऊच्या आमिषानं नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोचली. पुढच्या जानेवारीत न्यायालयानं पर्यटकांना त्या रस्त्यावर मनाई केली; मार्चमध्ये ती उठली. या सगळ्या घडामोडींत जारवांना कुणी काही विचारल्याचं दिसत नाही.

दुसरं टोक इक्वेडोरच्या अ‍ॅमेझॉनमध्ये आहे. अचुआर लोकांच्या मुलुखात 1996 साली एका कंपनीनं त्यांच्याशी करार करून कापावी हे पर्यटक निवास उभारलं आणि 2008 साली ते अचुआरांच्या ताब्यात गेलं. तिथं रस्ता नाही. छोट्या विमानानं आणि पुढं होडीनं जावं लागतं. अचुआर घरातल्या बाईनं पुढं केलेला पेयाचा वाडगा नाकारणं हा तिचा अपमान ठरतो. पाहुण्याला रीत शिकावी लागते.

सलमाबादच्या खोलीत राहणाऱ्याला हे नवं नसावं. कुठं राहायचं, किती काळ, कुणाच्या कागदावर, हे आखातात व्हिसा ठरवतो आणि माणूस ते निमूट पाळतो. तोच माणूस सहलीचे पैसे भरले की यजमानाची परवानगीही त्या पैशांत धरतो. दिनार जड असल्यानं ही समजूत आणखी पक्की होते.

पर्जन्यवनातलं नसलं तरी परवानगीचा धडा देणारं गाव महाराष्ट्रातही आहे, गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). या गोंड गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी तिथं येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावातले कार्यकर्ते देवाजी तोफा यांच्या या गावात निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतात. गावाच्या अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसू शकतो. मात्र जमिनीवर, सगळ्यांबरोबर, आणि विषय त्याच्या करमणुकीचा नसतो.

अडचण वेळापत्रकाची आहे. आखातातल्या शाळांना मोठी सुट्टी लागते ती जुलै-ऑगस्टमध्ये. नेमकी तेव्हा धानोऱ्याकडे धानाची रोवणी चालू असते. घरंच्या घरं चिखलात उतरलेली असतात आणि पाहुण्यांना जंगल दाखवायला कुणाला सवड नसते.