भीती खरी असताना

या संवादातल्या दोघी काल्पनिक आहेत, पेच खरा आहे. भाची मानसशास्त्र शिकलेली, बांगलादेशात कॉक्स बाझारच्या रोहिंग्या छावण्यांमध्ये स्वयंसेविकांना प्रशिक्षण देणारी, सध्या सुट्टीवर आलेली. मावशीची सगळी नोकरी महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांमधल्या महिला कक्षात गेली. तत्त्वज्ञानाशी दोघींचा संबंध कामापुरताच आहे, म्हणूनच त्यांचं बोलणं मांडावंसं वाटलं.

मावशी: तुम्ही त्या बायकांना नेमकं शिकवता काय? श्वास घ्यायला?

भाची: तेही शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ म्हणून पद्धत आहे. दीड-दीड तासाच्या पाच बैठका. डॉक्टर लागत नाही, नीट तयार केलेली वस्तीतली बाईसुद्धा त्या घेऊ शकते. आधी श्वास, मग अडचणींची यादी, मग बंद पडलेली रोजची कामं हळूहळू पुन्हा सुरू करणं, मग आधाराची माणसं शोधणं. यादीचे दोन भाग करायचे: सुटण्याजोग्या अडचणी आणि हाताबाहेरच्या.

मावशी: आणि नवरा मारतो, ते कुठल्या भागात लिहिता?

भाची: (जरा थांबून) बहुतेक बायका दुसऱ्या भागात लिहायला सांगतात.

मावशी: त्या सांगतात आणि तुम्ही लिहून घेता!

भाची: आधी ती जागा डोळ्यांपुढे आण. बांबू आणि ताडपत्रीची खोली, मधे प्लास्टिकचा पडदा. शेजारची झोपडी हातभर अंतरावर, इकडे थप्पड बसली की तिकडे ऐकू जाते. २०१७च्या ऑगस्टनंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून जास्त माणसं पळून आली. आधीची धरली तर आकडा दहा लाखांच्या घरात जातो. रीतसर नोकरी-धंद्याला बंदी, भोवती काटेरी तारांचं कुंपण. तक्रार करायची तर पहिली पायरी ‘माझी’ची, म्हणजे वस्तीच्या म्होरक्याची. तो बहुधा पुरुषच असतो. दोघांना समोर बसवतो आणि समेट घडवतो. त्याच्या वर कॅम्प इन चार्ज, म्हणजे सरकारी अधिकारी. शिधा मिळतो कुटुंबाच्या कार्डावर, त्यातून आपलं नाव वेगळं काढायचं तर पुन्हा ऑफिसच्या खेपा. आणि आमच्यासारखी संस्थांची माणसं दुपार कलली की छावणीबाहेर पडतात, तसा नियमच आहे. मार बसतो रात्री.

मावशी: समेट आमच्याकडे काय कमी व्हायचे? ‘जरा सांभाळून घे, नांदायला जा’ हे किती जणींना ऐकवलं गेलं, देव जाणे. पण माझ्या खणात कायदा होता. आधी सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ, पुढे घरगुती हिंसेविरुद्धचा २००५चा कायदा आला. राहत्या घरातून हिला बाहेर काढू नका, असा आदेश मागता यायचा.

भाची: बांगलादेशातही असा २०१०चा कायदा आहे. पण छावणीतल्या बाईला तिथे निर्वासित असा दर्जाच नाही. कागदावर ती ‘बळजबरीने विस्थापित झालेली म्यानमारची नागरिक’, आणि म्यानमार तर तिला नागरिक मानतच नाही. कोर्ट कुंपणापलीकडे. तिथवर जायलाही परवानगी लागते.

मावशी: मग माझा प्रश्न आणखीच अवघड होतो. तिची झोप तुम्ही सुधारता, छातीतली धडधड कमी करता आणि तिला त्याच खोलीत परत पाठवता. म्हणजे मार सोसायची ताकद वाढवून देता. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते ओळखा, असं एपिक्टेटस सांगायचा. तो स्वतः गुलामीतून आलेला, कबूल. पण ही शिकवण मालकांनाही फार सोयीची पडते.

भाची: ही भीती मलाही आहे. सतत नाडलेली माणसं आपल्या इच्छाच आखडून घेतात, असं अमर्त्य सेन मांडतात. आमची स्वयंसेविका त्याला हातभार तर लावत नाही ना, हा विचार माझ्या डोक्यात असतोच. पण ‘मन’ म्हणून सगळं एका गाठोड्यात नको बांधूस. रात्री ताडपत्री सरकल्याचा आवाज आला की तिचं अंग ताठ होतं, ही एक गोष्ट. ‘मीच वाईट, भात मीच करपवला, म्हणून मारलं’ ही दुसरी. मानसिक धक्क्यावरचे बरेचसे उपचार असं धरून चालतात की संकट टळलंय, भीती तेवढी मागे राहिलीय. राखाइनमधल्या जाळपोळीच्या आठवणींना ते लागू पडतं. आज रात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला नाही. ती भीती खरी आहे. मुलांना घेऊन शेजारणीकडे कधी सरकायचं, ते तीच सांगते. त्या भीतीला हात लावू नका, असं मी स्वयंसेविकांना बजावून ठेवते. काम करायचं ते त्या ‘मीच वाईट’वर.

मावशी: मार चालू असताना ते सुटतं?

भाची: संकट सरलेलं नसतानाही बायका सावरतात, एवढं दिसलंय. पूर्व काँगोतला अभ्यास आहे, २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला. लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांचे गट. त्या मुलखात शांतता नव्हती. बेताच्या शिक्षणाच्या स्थानिक बायकांनी विचारांवर काम करणारी उपचारपद्धत चालवली. नुसता आधार मिळालेल्या बायकांपेक्षा या बायका पुष्कळ जास्त सावरल्या. पुढे टांझानियात, न्यारुगुसू छावणीत, काँगोच्याच निर्वासित बायकांसाठी ती पद्धत नवऱ्याच्या हिंसेचा विचार करून बदलली. मार सुरू झाला तर काय करायचं याचा बेत आणि मदतीच्या वाटा, दोन्ही तिच्यात घातले.

मावशी: हे पटतं मला. कक्षात तक्रार लिहून व्हायची, शाईचं पॅड पुढे केलेलं असायचं, आणि अंगठा उचलता उचलता बाई म्हणायची, ‘राहू द्या बाई, चूक माझीच होती.’ खणातला कायदा खणातच. तेव्हा मनाचं काम आधी, हे मान्य. पण तुमच्या यादीतल्या दुसऱ्या भागावर माझा आक्षेप कायम आहे. जे तिच्या हाताबाहेर ते तुमच्याही हाताबाहेर, हे ठरवलं कुणी? कार्डावरचं नाव, संडासाच्या वाटेवरचा दिवा, रात्रीपुरती निजायला सुरक्षित जागा, यातलं काहीच तिला जमणार नाही. ऑफिसला जमेल.

भाची: मग तो भाग नावं गाळून एकत्र करायचा आणि संस्थांच्या बैठकीत मांडायचा. हे होऊ शकतं. सगळीकडे होत नाही, एवढंच. पैशाचंही आहेच. २०२३मध्ये माणशी महिन्याचा शिधा १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आणला. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा तिथल्या बऱ्याच सेवांना कात्री लागली. असं झालं की बायकांसाठीच्या जागा वाचवा म्हणून भांडावं लागतं. आणि त्या जागा म्हणजे काय? शिवणवर्ग. ‘शिवण शिकायला जाते’ म्हटलं की घरातून सोडतात.

मावशी: बरं, आता खरा पेच. एक बाई शिवणवर्गात सांगते, काल त्याने गळा आवळला. आणि म्हणते, कुणाला सांगू नका. तुझी स्वयंसेविका काय करते?

(गळा आवळणं हे पुढे जीव जाण्याच्या शक्यतेचं मोठं लक्षण मानलं जातं. दोघींनाही ते ठाऊक आहे.)

भाची: ती काय करते ते नाही, तिने काय करावं ते सांगते. हा प्रकार जीवघेणा आहे हे बाईला स्पष्ट सांगावं. रात्रीचा बेत तिच्याबरोबर बसून ठरवावा. तिच्या परवानगीशिवाय बाहेर बोलू नये. आरोग्यसेवकांवर पोलिसांना कळवायची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मावशी: मी सांगितलं असतं. शब्द मोडून.

भाची: कुणाला? माझीला? तो संध्याकाळी नवऱ्यालाच बोलावून घेणार. स्वयंसेविका राहते दोन ओळी सोडून, कुणी सांगितलं हे वस्तीला रात्रीच कळतं. दुसऱ्या दिवशी शिवणवर्गात कुणी येत नाही.

मावशी: पण ती जिवंत राहिली असती.

भाची: कदाचित. किंवा सांगितलं म्हणूनच गेली असती.

मावशी: तुला खात्री नाही.

भाची: तुला आहे?

दोघींचं बोलणं इथे अडलं, आणि ते मी जुळवून देणार नाही. माझा कौल भाचीकडे आहे, पण एका अटीवर. कोणत्या प्रसंगी गुपित राखता येणार नाही, हे बाईने तोंड उघडायच्या आधी, पहिल्याच बैठकीत तिला सांगितलं पाहिजे. ‘जिवावर बेततंय असं वाटलं तर मी एकाच व्यक्तीला सांगेन’ असं स्वयंसेविकेने म्हणायचं, आणि ती व्यक्ती कोण तेही सांगायचं. वस्तीचा ‘माझी’ नव्हे, तर वस्तीबाहेरची, हिंसेच्या प्रकरणांची जबाबदारी असलेली बाई. एवढं ऐकून ज्या बाईला गप्प राहायचंय तिने गप्प राहावं. शिवण शिकायला तिला कुणी मना करू नये.