विषावरचा उतारा आणि आपले फर्ज-ए-किफाया

औषध जगात आहे, परंतु मरणाऱ्या माणसापर्यंत ते वेळेत पोहोचत नाही. अशा मृत्यूचा जाब अल्लाहच्या दरबारात कोणाला द्यावा लागेल? मृत्यूची घटका अल्लाहने निश्चित केली आहे, ही आपली श्रद्धा आहे. मात्र तकदीरवरील श्रद्धा म्हणजे हात बांधून बसण्याची मुभा नव्हे. अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचे औषधही उतरवले आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आणि उपचार करण्याचा आदेश दिला.

हा प्रश्न आपल्या यवतमाळ जिल्ह्याला नवा नाही. 2017 च्या कपाशीच्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशा ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा आहे. तो जुना आणि स्वस्त आहे. पण अशा विषबाधेत फुप्फुसे पाण्याने भरू लागतात. छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा मात्रा द्यावी लागते. उतारा यवतमाळात आणि रोगी महागावच्या एखाद्या खेड्यात असेल, तर आर्णीमार्गे शहर गाठेपर्यंतचा प्रत्येक क्षण त्याच्या श्वासातून वजा होतो. काही कीटकनाशकांवर तर खास उताराच नाही. म्हणून ज्यांवर आहे, तो जवळ नसणे अधिकच अक्षम्य ठरते.

अन्य देशांत हाच प्रश्न अफूजन्य अमली पदार्थांच्या संदर्भात उभा आहे. त्यांच्या अतिसेवनाने श्वास थांबतो. नॅलोक्सोन हे औषध काही मिनिटांत तो परत आणू शकते. असा प्रसंग ज्यांच्यासमोर घडण्याची शक्यता आहे, त्या आप्तेष्टांच्या हाती हे औषध असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये केली. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा 2023 मध्ये चिठ्ठीविना विक्रीस खुला झाला. पण दोन फवाऱ्यांची किंमत सुमारे 45 डॉलर ठेवली गेली. गरीब व्यसनाधीनाच्या आईला ती सहज परवडेल का?

येथे काहींच्या मनात शंका येते. नशा हराम, आत्महत्याही हराम. मग ज्याने स्वतःच विष ओढवून घेतले, त्याच्यासाठी समाजाने का झिजावे? याचे उत्तर सुन्नतमध्ये आहे. मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि त्या माणसाचे अल्लाह व त्याच्या प्रेषितांवर प्रेम असल्याची ग्वाही दिली. कृत्य हराम म्हणून माणूस टाकाऊ ठरत नाही. सूरह माइदामध्ये एक जीव वाचवणे म्हणजे जणू अवघ्या मानवजातीला वाचवणे, असा आशय आहे. तेथे तो जीव निर्दोष असावा, अशी अट घातलेली नाही. शिवाय श्वास परतला, तरच तौबाची संधी परतते.

दुसरी शंका किमतीची. औषध बनवणाऱ्याने नफा घेऊ नये काय? अवश्य घ्यावा. प्रवासातील सहाबींना एका वस्तीने पाहुणचार नाकारला. पुढे त्याच वस्तीच्या सरदाराला विषारी दंश झाला, तेव्हा एका सहाबींनी सूरह फातिहा पढून दम केला आणि मोबदल्यात शेळ्या-मेंढ्या घेतल्या. प्रेषितांनी (स.) तो मोबदला वैध ठरवला. परंतु त्याच प्रेषितांनी लोक अडलेले असताना साठेबाजी करणाऱ्याला गुन्हेगार म्हटले आहे आणि वाटेतील तहानलेल्याला जादा पाणी नाकारणाऱ्याला कठोर इशारा दिला आहे. मोबदला हलाल आहे. अडवणूक हलाल नाही.

मग या दोहोंची सांगड कशी घालावी? मदीनेत रूमा विहिरीचे पाणी विकत घ्यावे लागे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर स्वतःच्या धनाने खरेदी करून सर्वांसाठी वक्फ केली. मालकाला दाम मिळाला आणि तहानलेल्याला फुकट पाणी. उताऱ्याच्या बाबतीत शासनाने आणि समाजाने हेच करायचे आहे. इमाम गझाली (र.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये वैद्यकशास्त्राला फर्ज-ए-किफाया गणले आहे. काहींनी ते पार पाडले तर सर्व सुटतात. कोणीच पाडले नाही, तर दोष साऱ्या वस्तीवर येतो.

म्हणून फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच मशिदीच्या कमिटीने गावातील इतर जाणत्यांना सोबत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. ॲट्रोपिन आणि सर्पदंशावरील लस पुरेशी आहे का, हे आदराने विचारावे. नसल्यास लेखी मागणी करावी. गरीब रुग्णाला त्याच्या हाती जकात देता येते. सामायिक वाहनासाठी मात्र सदका किंवा वक्फ वापरावा, कारण हनफी मतानुसार जकातीचा मालक कोणी गरजू व्यक्तीच व्हावी लागते. जुम्याच्या बयानात चार गोष्टी सांगाव्यात: विषबाधा झाल्यास भिजलेले कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, 108 ला फोन करावा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्यावा, कारण कोणते विष आहे आणि त्यावर उतारा कोणता, हे त्यावर छापलेले असते.

शेतात फवारणारा हात कोणत्या धर्माचा आहे, हे विष पाहत नाही. उतारा पोहोचवणाऱ्यानेही ते पाहू नये. अल्लाह आपल्याला हे कर्तव्य वेळेत ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.