पाहुण्याचा धर्म

अतिथीला देव मानावे, ही तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा आम्ही कीर्तनातून कितीदा तरी सांगितली. ती यजमानाला आहे. पण अतिथीने कसे वागावे, हे एका पोराने विचारले, तेव्हा क्षणभर आमचीच वाचा बसली.

हा मुलगा आमच्या मागे टाळ धरणारा. गळ्यात माळ, घरी पिढ्यांची वारी. शिकायला वर्षभर जपानात गेला आणि तेथे एका कुटुंबात राहिला. घरच्या बाईंना तो त्यांच्या भाषेत 'ओकासान' म्हणजे आई म्हणू लागला. दहाव्या दिवशी त्याला कळले, की रोज सकाळी भाताबरोबर तो जे मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सार पितो, त्याचे पाणीच मुळी सुकवलेल्या माशाच्या किसाचे! वाटीत मासा दिसला नाही, म्हणून त्याने विचारले नव्हते. फोनवर रडवेला होऊन म्हणाला, "महाराज, माळ बाटली का हो? अन् आता त्या माउलीला सांगू कसे?"

आम्ही म्हटले, "बाळ, नकळत घडले ते नाम घेऊन विसर. पण आता कळले आहे. गप्प बसून प्यालास, तर व्रताशी लबाडी. गप्प बसून वाटी सारलीस, तर त्या माउलीशी. सरळ सांग. बरे, आणखी काय टाळतोस?"

चाचरत म्हणाला, "नात्तो. तेही आंबवलेले सोयाबीनच. तार सुटते, उग्र वास येतो. वरचा रस वगळला तर त्यात मासा नाही. पण मी सांगितले, आमच्यात चालत नाही."

मंडळी, मेख येथे आहे. नकार जिभेचा आणि नाव माळेचे! आम्ही तरी काय सांगावे? तरुणपणी एका गरिबाघरी शिळी आमटी पाहून आम्हीही "आज आम्हांला वर्ज्य" म्हणून मोकळे झालो होतो. त्या बाईने शेजारून पीठ उसने आणून पुन्हा चूल पेटवली, हे मागाहून कळले. तो घास अजून घशात अडकतो.

व्रत मोजके असते, चोचल्यांना अंत नसतो. ज्याला एक गोष्ट पाळायची आहे, त्याने बाकीच्या शंभर आवडीनिवडी सोडायला तयार असावे. वारीत ज्या दारी जी भाकरी मिळेल ती आपण गोड मानतो ना? मग समुद्र ओलांडला म्हणजे वारी संपली काय?

पोराने सारे खरे सांगितले. ओकासान रागावल्या नाहीत. रात्री त्यांनी कोंबू नावाचे समुद्रातले शेवाळ आणि सुकी अळंबी पाण्यात भिजत घातली. सकाळी त्याच पाण्याचे सार केले. त्यांना ते नवे नव्हतेच. तिकडच्या बौद्ध मठांत शाकाहारी स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. दोगेन या आचार्यांनी तर इ. स. १२३७ मध्ये मठातल्या स्वयंपाक्याच्या कर्तव्यावर ग्रंथच लिहिला. एकादशीला रताळी तिकडेही मिळतात. आणि नात्तो? "चालत नाही असे नव्हे, आवडत नव्हते," हे कबूल करून पोराने तो मीठ घालून खाल्ला. बाई पोटभर हसल्या.

जेवणापूर्वी ते लोक हात जोडून एक शब्द म्हणतात. त्याचा भाव, 'नम्रपणे स्वीकारतो'. आता आमचा पोर आधी हरिनाम घेतो, मग तो शब्द म्हणतो. दोन्ही एकाच ताटाला शोभतात.

असो. व्रत आपले, त्याचा भार आपण उचलावा; यजमानाला फक्त खरे सांगावे, आणि तेही वेळेवर. रामकृष्णहरि.