झोळी पुढे करताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

कॉमर्सला शिकलो आणि पुढे छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. त्यामुळे जमा-खर्चाची सवय अंगात मुरलेली. कुणाचं देणं ठेवायचं नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही, हा वडिलांनी घालून दिलेला दंडक. ‘आम्ही कुणाच्या उपकारात राहत नाही’ असं मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. तो अभिमान होता की अहंकार, हा प्रश्न मात्र गेल्या वर्षीपर्यंत कधी पडला नव्हता.

आषाढातली रात्र. दोनच्या सुमारास सौ.ला दरदरून घाम फुटला, ती उठून बसली आणि तिथेच कलंडली. मुलगा कॅनडात, मुलगी बंगळुरूला. मी मोबाईलवरून टॅक्सी बोलावू लागलो. एक गाडी येते म्हणून रद्द झाली, दुसरी मिळेना. बाहेर धो धो पाऊस. आमच्या समोरच्या दारात एक तरुण जोडपं राहतं, त्यांची गाडी खालीच उभी होती. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, बेलवर बोट ठेवलं आणि मागे घेतलं. लहान मूल झोपलेलं असेल, सकाळी त्यांना ऑफिस, उगाच कशाला त्रास? यात पाऊण तास गेला. अखेर टॅक्सी मिळाली. रक्तातली साखर एकदम उतरली होती. दत्तकृपेनं वेळेत पोहोचलो, सकाळी घरी आलो.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. म्हणाला, “काका, बेल का नाही वाजवलीत? आमचं बाळ तापानं फणफणलं तेव्हा आम्ही मध्यरात्री तुमच्याकडेच आलो होतो ना? मग आम्ही तुमचे कोण?”

मला उत्तर देता आलं नाही.

आपलं लहानपण आठवा. वाड्यात फोन एकाच घरी असायचा आणि बाकी सगळे आपल्या पत्त्यात तोच नंबर देऊन पुढे ‘पी.पी.’ लिहायचे. विरजण संपलं, पाहुणे आले आणि साखर कमी पडली, तर वाटी घेऊन शेजारी जायचं. ती वाटी रिकामी परत करायची नाही, अशी रीत होती. आज साखर दहा मिनिटांत दारात येते. सोय झाली, नाही कसं म्हणू? पण वाटीबरोबर जाणं-येणं होतं, ते मात्र थांबलं. पैसे टाकले की सगळं मिळतं, त्यामुळे मागायची सवय मोडली. आणि मागायची सवय मोडली की देणाऱ्यालाही आपल्या दारी यायचं कारण उरत नाही.

बँकेत असताना एक आजी दर महिन्याला पैसे काढायचा फॉर्म माझ्यापुढे ठेवायच्या. “दादा, एवढं भरून दे रे.” एकदा गर्दीत मी वैतागून म्हणालो, “आजी, घरून कुणाकडून तरी भरून आणत जा.” त्या काही बोलल्या नाहीत. पुढल्या महिन्यापासून फॉर्म भरून आणू लागल्या, पण माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आता नोव्हेंबरात हयातीचा दाखला मोबाईलवरून काढताना माझा चेहरा कॅमेऱ्यात नीट बसत नाही, तेव्हा त्या आजी हटकून आठवतात.

सौ. बरी झाल्यावर आम्ही गाणगापूरला गेलो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान केलं, निर्गुण पादुकांचं दर्शन घेतलं. दुपारी माधुकरीची वेळ झाली. तिथं मोठमोठे लोकही झोळी घेऊन पाच घरं मागतात, हे आपण सारे जाणतो. मी यापूर्वी माधुकरी वाढली होती, मागितली कधीच नव्हती. या खेपेला मागायचं ठरवलं. पहिल्या दारी तोंडातून शब्द फुटेना. मान खाली. तिसऱ्या दारी एका बाईंनी चतकोर भाकरी घातली आणि मलाच नमस्कार केला. डोळ्यांत पाणी आलं. देताना मी कधी इतका लहान झालो नव्हतो, आणि इतका हलकाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत भुंगा आहे. तो फुलाफुलातून थोडं थोडं घेतो, कुठल्याच फुलाला इजा होत नाही. माधुकरी हा शब्दच त्या मधुकरावरून आला. म्हणजे घेऊ नये असं अवधूत म्हणत नाहीत. घ्यावं, पण थोडं, गरजेपुरतं आणि एकाच दारावर भार न टाकता. त्याच चोवीस गुरूंमध्ये मूलही आहे, त्याला मान-अपमान नाही. आपल्याला मागायला लाज वाटते ती या मान-अपमानापोटीच.

कुणी म्हणेल, मग काय उठसूट शेजाऱ्याला उठवायचं? नाही. आळसापोटी मागणं वेगळं आणि अडचणीत मागणं वेगळं. ऐतखाऊपणाला माधुकरी म्हणत नाहीत. पण अडचणीतही न मागणं म्हणजे समोरच्याला परकं ठरवणं, हे मला त्या मुलानं शिकवलं. वयानं माझ्या मुलाहून लहान आहे, पण त्या दिवशी गुरू तोच.

बँकेतली एक गोष्ट सांगतो. खात्यात दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. शिल्लक असते, पण खातं गोठतं. नात्यांचंही तसंच. नुसती जमा ठेवून चालत नाही, अधूनमधून काढावंही लागतं.

मी सुधारलो असं म्हणणार नाही. बेलवर बोट ठेवताना आजही अडखळतो. पण यंदा दत्तजयंतीच्या सुंठवड्यासाठी सौ.नं खलबत्ता शोधला, तो सापडेना. नवा मागवू म्हणून मी मोबाईल उचलला, परत ठेवला आणि समोरच्या दारी गेलो. त्यांच्याकडेही खलबत्ता नव्हता. पण चहा झाला, आणि संध्याकाळी त्यांचं बाळ आमच्याकडे पाळण्याची दोरी ओढायला आलं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥