दोन कर्जे आणि एक घर

मुलगी डॉक्टरकी शिकत आहे, तिच्या फीसाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे, आणि अशातच बापाने दुसरे कर्ज काढून घर घ्यावे की नाही, हा प्रश्न अलीकडे माळकरी घरांतूनही ऐकू येतो. हा नुसता हिशेबाचा प्रश्न, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तो धर्माचाही वाटतो, म्हणून येथे घेतला.

उदाहरणाला सातपुड्यातले धडगाव घेऊ. अक्राणी तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. नोकरीनिमित्त तेथे राहणारा एखादा शिक्षक किंवा कारकून असेल; जीव मात्र शहाद्याला नाहीतर नंदुरबारला चार भिंती उभारण्यात गुंतलेला. 2020 साली नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा ठिकाणी नंबर लागला तर फी सोसवते. नाही लागला तर खाजगी कॉलेज, आणि मग बँकेची पायरी.

समजा, मुलीसाठी दर वर्षी अडीच लाख, असे चार वर्षांत 10 लाख रुपये दहा टक्क्यांनी उचलले. शिक्षण साडेपाच वर्षांचे. त्यापुढे बँक आणखी एक वर्ष थांबते. लोक म्हणतात, "अहो, तोवर हप्ताच नाही, काळजी कसली?" हप्ता नसतो, पण व्याज झोपत नाही. सरळ व्याज धरले तरी शेवटी मागणे 15 लाखांचे होते, आणि ते पंधरा वर्षांत फेडायचे तर महिना 16,000 लागतात. त्यात घरासाठी 20 लाख, नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीने: आणखी 18,000. दोन्ही मिळून 34,000. तोवर बाप पेन्शनीत निघालेला. मग घराचा हप्ता कोणी भरायचा?

उत्तर सगळ्यांना ठाऊक असते. "ती डॉक्टर झाली की फेडील."

इथे आमचे मन अडते. डॉक्टर तरी कोठून फेडणार? रोग्याकडून. धडगावच्या डोंगरपाड्यांतून रोग्याला बांबूच्या झोळीत घालून, खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते, असे पाडे अजून आहेत. त्या घरात पैसा येतो तो आमचूर विकला की, किंवा माणसे मजुरीहून परतली की. अशा माणसाला 'सवडीने द्या' म्हणण्याची मोकळीक ज्या डॉक्टरला आहे, तोच तेथे टिकतो. दर पाच तारखेला 34,000 मोजणारा असे किती दिवस म्हणेल? सरकारी दवाखान्यात पगार मिळतो, रोग्याकडे मागावे लागत नाही, हे खरे. तरी एवढ्या हप्त्याची ओढ मोठ्या शहराकडेच असते.

शिक्षणाच्या कर्जाला आम्ही वाईट म्हणत नाही. जिच्या विद्येसाठी ते काढले, तिच्याच विद्येने ते फिटते. घर बांधणे हेही पाप नाही. आपल्या पंथाने घरदार सोडायला कधी सांगितले? एकनाथ महाराज संसारीच होते. तुकोबारायांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. कीर्तनात ही कथा रंगते ती बुडवण्यावर. त्याआधी जे घडले ते आम्हांला मोठे वाटते. खतांची वाटणी झाली, धाकट्या भावाची निम्मी खते त्याला दिली, आणि महाराजांनी आपल्या वाट्याचीच तेवढी बुडवली. दुसऱ्याच्या वाट्यावर दानही करायचे नाही! मग दुसऱ्याच्या वाट्यावर घर कसे बांधावे? मुलीची पुढली वीस वर्षे हा तिचा वाटा आहे, बापाचा नव्हे.

"पण भाड्यात पैसा जातो ना!" जातो. जागेचे भावही चढतात. ज्याच्या घराचा हप्ता त्याच्याच पगारात, निवृत्तीपूर्वी फिटतो, त्याने खुशाल घर घ्यावे. मात्र मुलीच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून त्याचीही सही असते, हे विसरू नये. हाती थोडे शिल्लक राहत असेल तर शिक्षण चालू असतानाच त्या कर्जाचे व्याज भरत जावे. वरच्या उदाहरणात मग मागणे 10 लाखांवरच थांबते, आणि हप्ता 11,000 च्या आत येतो.

इतके करूनही दोन्ही कर्जांचा भार तिच्यावर जाणारच असेल, तर दस्तावर सही करण्याआधी, ती सुट्टीत घरी आली की तिच्यापुढे सगळे आकडे मांडावेत. ती बहुधा म्हणेल, "घ्या बाबा, मी भरीन." लेकीच त्या, दुसरे काय म्हणणार! तरी तेवढ्यावर उठू नये. डॉक्टर होऊन कोठे बसायचे तिच्या मनात आहे, ते तिला विचारावे.