बोलता येणे आणि शिकता येणे

अमक्याला इंग्रजी ‘येते’ असे आपण सहजपणे म्हणतो. परंतु भाषा येणे म्हणजे नेमके काय, याचा विचार फार थोडे लोक करतात. प्रश्न वरवर पाहता भाषाशास्त्राचा वाटेल. वस्तुतः तो नीतीचाही आहे. कारण त्याच्या उत्तरावर शाळकरी मुलांच्या बुद्धीविषयीचे आपले निवाडे उभे असतात, आणि निवाडा चुकला की अन्याय होतो.

मराठी घरातले एखादे मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागते. दोन-तीन वर्षांत ते पाहुण्यांशी इंग्रजीत बोलते, बाईंना उत्तरे देते, मित्रांशी भांडतेही. आईवडील कृतार्थ होतात. पुढे पाचवी-सहावीत विज्ञान आणि इतिहासाची पुस्तके जाड होतात, आणि गुण घसरू लागतात. मग प्रगतिपुस्तकावर शेरा येतो, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ घरी म्हणतात, ‘डोकेच बेताचे.’ या निवाड्यामागचे अनुमान असे: मुलाला इंग्रजी येते, तरीही त्याला धडा समजत नाही, म्हणून उणीव एक तर त्याच्या बुद्धीत आहे किंवा इच्छेत आहे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील दोष चटकन दिसेल. येथे ‘येते’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला गेला आहे.

हे दोन अर्थ कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली स्पष्टपणे वेगळे करून दाखविले. एक भाषा संभाषणाची, दुसरी अध्ययनाची. संभाषणात समोरच्याचा चेहरा असतो, हातवारे असतात, प्रसंग डोळ्यांपुढे घडत असतो. शब्द निसटला तरी अर्थ सापडतो. पुस्तकात यांपैकी काहीच नसते; सारा भार एकट्या शब्दांवर. टीव्हीचा ‘व्हॉल्यूम’ कमी करणाऱ्या मुलाला गणितातला ‘व्हॉल्यूम’ म्हणजे घनफळ, हे कोणी सांगितलेले नसते. दुकानातले ‘प्रॉडक्ट’ म्हणजे वस्तू, वहीतले ‘प्रॉडक्ट’ म्हणजे गुणाकार. त्याहूनही अवघड ते ‘अनलेस’, ‘ऑलदो’, ‘व्हेअरॲज’ यांसारखे छोटे शब्द. बोलताना त्यांच्यावाचून अडत नाही. धड्यातला युक्तिवाद मात्र त्यांच्याच बिजागऱ्यांवर फिरतो. शिवाय प्रश्नपत्रिका ‘वर्णन करा’, ‘तुलना करा’, ‘समर्थन करा’ अशा आज्ञा देते. या तीन आज्ञांना तीन वेगळ्या घडणीची उत्तरे लागतात, आणि ती घडण क्रीडांगणावर शिकता येत नाही.

या दोन क्षमतांना लागणारा काळही सारखा नाही. टोरांटोतील स्थलांतरित मुलांविषयीच्या माहितीचा अभ्यास करून कमिन्स यांनी १९८१ साली दाखविले की, बोलण्याची सहजता साधारण दोन वर्षांत येते. अध्ययनाच्या भाषेत वर्गमित्रांची बरोबरी करण्यास मात्र पाच ते सात वर्षे लागतात. मधली ही वर्षे धोक्याची. कारण जिभेवरचे इंग्रजी ऐकून शिक्षक समजतो की भाषेची अडचण संपली. कॅनडातील अशा मुलांच्या चारशेहून अधिक मानसशास्त्रीय तपासणी-अहवालांत त्यांना हेच आढळले: मूल इंग्रजी बोलते, मग इंग्रजीतून घेतलेल्या बुद्धिचाचणीतील अपयश हे बुद्धीचेच अपयश, असे गृहीत धरले गेले होते. ज्याला केवळ अवधी हवा होता, त्याच्या कपाळी मंदबुद्धीचा शिक्का बसत होता.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अध्ययनाची भाषा ही तशी कोणाचीच जन्मभाषा नसते. वसईच्या कुपारी घरात मूल सामवेदी बोलते; मराठी शाळेत त्याला पुस्तकी मराठी नव्यानेच शिकावी लागते. ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे शब्द घरात जवळजवळ एकाच अर्थाने चालतात, विज्ञानात चालत नाहीत. परंतु हा भेद एकदा एका भाषेत उमगला की तो दुसऱ्या भाषेत पुन्हा उमगावा लागत नाही. नवे नाव तेवढे शिकायचे उरते. कारण आणि परिणाम, नियम आणि अपवाद यांची जाण एका भाषेतून दुसरीत सोबत येते. फादर थॉमस स्टीफन्स यांचेच उदाहरण घ्या. हा इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे गेली. बाजारहाटापुरती भाषा येणे आणि सुमारे अकरा हजार ओव्यांत धर्मविचार मांडणे यांत केवढे अंतर आहे! आणि हे अंतर तोडताना लॅटिनमध्ये घडलेली त्याची विचारशिस्त त्याच्या सोबतीला होती. आपण मात्र मुलाला इंग्रजी यावे म्हणून घरातले मराठी बोलणे आणि मराठी पुस्तक आधी बंद करतो. म्हणजे घर बांधायला निघून पायाचे दगड फेकून देतो.

यावर कोणी म्हणेल, ‘मग गरिबांच्या मुलांनी इंग्रजीपासून दूर राहावे काय?’ मुळीच नाही. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, त्यामागे समतेचीच आकांक्षा होती. पण दार उघडणे वेगळे आणि आत आलेल्याला बसायला जागा देणे वेगळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७४ साली हाच प्रश्न आला होता. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या सुमारे १,८०० विद्यार्थ्यांना इंग्रजी समजत नव्हते, आणि त्यासाठी वेगळे साहाय्यही मिळत नव्हते. वर्ग तोच, पुस्तक तेच, शिक्षक तेच. मग भेदभाव कोठे? न्यायालयाने एकमताने सांगितले की, भाषाच न कळणाऱ्याला तेच पुस्तक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. ज्या घरात दोन पिढ्यांची इंग्रजी पुस्तके आहेत त्या घरातले मूल, आणि ज्याचे आईवडील मासळी वा भाजी विकून फी भरतात ते मूल, यांना एकच कसोटी लावणे ही समता दिसते, पण तो न्याय नाही.

म्हणून ज्याने मुलाला परक्या भाषेच्या वर्गात बसविले, त्याच्यावर एक ऋण चढते. शाळेने ते असे फेडावे: विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकानेही स्वतःला भाषाशिक्षक मानावे, धड्याआधी त्यातले शब्द उलगडावेत, मुलाला शंका प्रथम मराठीत विचारू द्यावी, उत्तर कसे रचावे हे फळ्यावर रचून दाखवावे. पालकांनी घरात आपल्या भाषेत वाचावे, वाचलेल्यावर ‘असे का?’ म्हणून विचारावे. आणि आपण सर्वांनीच पाच-सात वर्षे निवाडा तहकूब ठेवावा.

धीर हा सद्गुण आपण सहसा दुःख सोसण्याच्या संदर्भात शिकवतो. दुसऱ्याला शिकण्यासाठी लागणारा अवधी देणे, हाही धीरच आहे. मुलाच्या तोंडचे अस्खलित इंग्रजी ऐकून ज्यांना त्याचा अभिमान वाटला, त्यांनीच त्याच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेपुढे त्याची बाजू घ्यावयास हवी. कारण त्या घटकेला ती मांडण्याइतकी भाषा त्याच्याजवळ अजून आलेली नसते.